मकारिऑस तिसरा, आर्चबिशप

(१३ ऑगस्ट १९१३ – ३ ऑगस्ट १९७७). सायप्रसच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता, तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचा आर्चबिशप व सायप्रस प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. मूळ नाव मिखाईल ख्रिस्तोदूलू मुस्कोस. पॅफॉस जिल्ह्यातील पानो पानाया या डोंगराळ खेड्यात एका मेंढपाळ कुटुंबात त्याचा जन्म झाला. खेड्याच्या नावातील ‘पानाया’ हा शब्द पॅन (सर्व) आणि हाजिया (पवित्र) या दोन ग्रीक शब्दांपासून बनला असून ‘सर्वथा पवित्र’ या अर्थाचे ते कुमारी मेरीचे अभिधान होय. अशा शब्दांनी मकारिऑसचे सारे आयुष्य वेढलेले होते. त्याच्या पदव्या, त्याची ध्येये, त्याच्यावरील आरोप, एवढेच नव्हे तर त्याच्या चळवळीची घोषणासुद्धा ग्रीक धर्मपरिभाषेतून आलेली होती. ह्या शब्दांचे अर्थ ध्यानात घेतल्यावाचून एक धर्मगुरू राष्ट्राचा नेता कसा झाला आणि ते राष्ट्र एकसंध का राहू शकले नाही, हे नीट उलगडत नाही.

ख्रिस्ती धर्मातील बहुतेक पायाभूत संज्ञा ग्रीक आहेत, याचे कारण नव्या कराराची भाषा ग्रीक आहे. पॅलेस्टाइनमधील पहिले ख्रिस्ती अ‍ॅरेमाइक बोलत. परंतु धर्माचा प्रसार झाला तो पूर्व भूमध्य प्रदेशातील शहरांतून, आणि तेथील व्यवहाराची भाषा ग्रीक होती. नव्या धर्माने स्वतःसाठी नवे शब्द फारसे घडविले नाहीत; बाजारातले, सभेतले व कचेरीतले शब्द उचलून त्यांना नवा अर्थ दिला. एक्लेसिया हे याचे उत्तम उदाहरण होय. एक् (बाहेर) व कालेइन (बोलावणे) यांपासून झालेला हा शब्द अथेन्समध्ये नागरिकांच्या सार्वभौम सभेचे नाव होते. हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात तो इझ्राएल लोकांच्या मेळाव्यासाठी वापरला गेला आणि तेथून ख्रिस्ती मंडळीसाठी रूढ झाला. लॅटिनमध्ये त्याचे एक्लेसिया आणि पोर्तुगीजमध्ये इग्रेजा झाले. गोव्यात कोकणी बोलणारा माणूस प्रार्थनामंदिराला ‘इगर्ज’ म्हणतो, तेव्हा तो नकळत अथेन्सच्या नागरिकसभेचेच नाव घेत असतो. इंग्रजीतून आलेला ‘चर्च’ हा शब्द वेगळ्या कुळातला. तो किरिआकोन म्हणजे ‘प्रभूचे’ (घर) यापासून निघाला. एपिस्कोपोस याचा मूळ अर्थ देखरेख करणारा अधिकारी. त्याचे इंग्रजीत बिशप, पोर्तुगीजमध्ये बिश्पु व कोकणीत बिस्प झाले. ख्रिस्तोस (अभिषिक्त) हा हिब्रू ‘मशीहा’चा शब्दशः अनुवाद आहे. बिब्लिया म्हणजे ‘पुस्तके’ हे अनेकवचन बायबल या एकवचनात स्थिरावले. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी काही शब्दांना देशी प्रतिशब्द दिले. आपोस्तोलोस (पाठविलेला) याचे ‘प्रेषित’ आणि युआंगेलियोन याचे ‘शुभवर्तमान’ झाले. ‘बाप्तिस्मा’ मात्र त्यांनी जवळजवळ मूळ ग्रीक रूपातच ठेवला. ‘पाद्री’ हा आपल्याकडे सर्वांत परिचित शब्द ग्रीक नाही. तो लॅटिनमधून पोर्तुगीजमार्गे आलेला आहे.

सायप्रसच्या चर्चचा इतिहास या शब्दसंपदेत दोन संज्ञांची भर घालतो. पहिली ‘ऑटोकेफालोस’, म्हणजे ज्याचे शीर्ष स्वतःचेच आहे असे (आउतोस – स्वतः, केफाले – डोके). इ. स. ४३१ मध्ये एफेसस येथे भरलेल्या धर्मपरिषदेने अँटिऑकच्या कुलगुरूचा सायप्रसवरील दावा नाकारला आणि बेटावरील बिशपांनी आपला प्रमुख स्वतः निवडावा, असा निर्णय दिला. पुढे पाचव्या शतकाच्या अखेरीस हा वाद पुन्हा उपस्थित झाला. त्या वेळी सॅलमिसजवळ संत बार्नाबसची कबर व तीत मॅथ्यूच्या शुभवर्तमानाची प्रत सापडल्याचे आर्चबिशप अँथेमिऑसने जाहीर केले. परंपरेनुसार सम्राट झीनोने या शोधावर संतुष्ट होऊन सायप्रसच्या आर्चबिशपाला तीन विशेषाधिकार दिले : लाल शाईने स्वाक्षरी करणे, जांभळा झगा परिधान करणे आणि मेंढपाळाच्या आकडीदार काठीऐवजी राजदंड धारण करणे. ही तिन्ही सम्राटपदाची चिन्हे होत. कबरीच्या शोधाची वेळ अत्यंत सोयीची होती, हे खरे; परंतु लाल शाईची ती स्वाक्षरी पंधराशे वर्षांनंतर मकारिऑसही करीत होता. धर्मपीठाला राजचिन्हे लाभली, तेथेच पुढील इतिहासाचे बीज पडले.

दुसरी संज्ञा ‘एथ्नार्क’ (एथ्नोस – लोक वा राष्ट्र, आर्खेइन – अधिपत्य करणे). ही पदवी मुळात धार्मिक नव्हती. रोमन काळात जूडीआच्या मांडलिक शासकांना ती दिली जाई. १५७१ मध्ये ऑटोमन तुर्कांनी व्हेनिसकडून सायप्रस जिंकून घेतल्यावर तिला नवा आशय प्राप्त झाला. ऑटोमन राज्यव्यवस्थेत प्रजेची विभागणी धर्मानुसार होत असे आणि प्रत्येक धर्मगटाचा प्रमुख त्या गटाच्या वर्तनास व करभरण्यास जबाबदार धरला जाई. त्यामुळे सायप्रसचा आर्चबिशप ग्रीकभाषक ख्रिस्ती प्रजेचा लौकिक प्रतिनिधीही बनला. या जबाबदारीची किंमतही मोजावी लागे. ग्रीसमध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू होताच तुर्की सुभेदाराने ९ जुलै १८२१ रोजी आर्चबिशप किप्रिआनोस याला निकोसियात फाशी दिले. ग्रीक सायप्रसी त्याला ‘एथ्नोमार्तिस’ म्हणतात. मार्तिस म्हणजे न्यायालयातला साक्षीदार. प्राणांची पर्वा न करता श्रद्धेची साक्ष देणारा तो हुतात्मा, असा या शब्दाचा ख्रिस्ती प्रवास झाला होता. एकोणिसाव्या शतकात त्याला ‘एथ्नोस’ जोडला जाऊन श्रद्धेची जागा राष्ट्राने घेतली.

१८७८ मध्ये सायप्रसचा कारभार ब्रिटनकडे आला. १९१४ मध्ये ब्रिटनने बेट खालसा केले व १९२५ मध्ये त्यास वसाहतीचा दर्जा दिला. ब्रिटिशांनी आर्चबिशपाचे लौकिक अधिकार कमी केले. पण ग्रीक जनतेच्या मनातील एथ्नार्क त्यांना काढून टाकता आला नाही. बेटाची सु. चार पंचमांश लोकसंख्या ग्रीक आणि सु. १८ टक्के तुर्की होती. ग्रीकांची मागणी स्वातंत्र्याची नव्हती, ग्रीसमध्ये विलीन होण्याची होती आणि तिचे नाव होते ‘एनोसिस’ म्हणजे ऐक्य. हा शब्दही धर्मशास्त्रातून परिचित होता. ख्रिस्ताच्या ठायी देवत्व व मनुष्यत्व यांचे ऐक्य कसे आहे, हे सांगण्यासाठी अलेक्झांड्रियाच्या सिरिलने तो वापरला होता आणि त्यावरचा मोठा वाद ज्या परिषदेत झाला, ती इ. स. ४३१ ची एफेससचीच परिषद होय. सायप्रसच्या शेतकऱ्याला हा तात्त्विक वाद माहीत असण्याचे कारण नव्हते. तथापि ज्या ऐक्याचा उच्चार धर्मगुरूच्या तोंडून चर्चमध्ये होतो, ते राजकीय तडजोडीचा विषय राहत नाही. त्याला पवित्र वचनाचे रूप येते. एनोसिसच्या चळवळीचे सामर्थ्य यात होते आणि तिचे अपयशही. शेजारच्या तुर्की गावाला या ऐक्यात स्थानच नव्हते. १९३१ मध्ये उठाव होऊन निकोसियातील गव्हर्नरचे निवासस्थान जाळण्यात आले. ब्रिटिशांनी किटिऑन व किरीनिया येथील बिशपांना हद्दपार केले. आर्चबिशप सिरिल तिसरा १९३३ मध्ये निवर्तल्यानंतर १९४७ पर्यंत पीठ रिक्तच राहिले.

मुस्कोसचा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी, १९२६ मध्ये, ट्रूडॉस पर्वतातील किक्कोस मठात उमेदवार म्हणून दाखल झाला. मठाने त्याला निकोसियाच्या पॅनसायप्रियन जिम्नॅशियममध्ये शिकविले. १९३८ मध्ये डीकनपदाची दीक्षा घेताना त्याने ‘मकारिऑस’ हे नाव धारण केले. डीकन म्हणजे दिआकोनोस. पानावर वाढणारा, सेवक. मकारिऑस म्हणजे धन्य. डोंगरावरील प्रवचनात येशूने उच्चारलेले धन्यवाद याच शब्दाने सुरू होतात आणि मराठी बायबलमध्येही तेथे ‘धन्य’ हाच शब्द योजला आहे. त्या वचनांत नम्र व शांती करणारे धन्य ठरतात. पुढील आयुष्यात या दोन्ही गुणांबाबत मकारिऑसवर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले. अथेन्स विद्यापीठातून त्याने १९४२ मध्ये धर्मशास्त्राची पदवी घेतली, तेव्हा ग्रीस जर्मनांच्या ताब्यात होता. १९४६ मध्ये त्याला प्रीस्टपदाची (प्रेस्बितेरोस म्हणजे ज्येष्ठ) दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी जागतिक चर्च परिषदेच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठात गेला. १९४८ मध्ये तो तेथे असतानाच किटिऑनचा बिशप म्हणून त्याची निवड झाली.

परतल्यावर त्याने चर्चच्या वतीने सार्वमत आयोजित केले. जानेवारी १९५० मध्ये ग्रीक सायप्रसींनी चर्चमध्ये जाऊन उघडपणे सह्या केल्या, त्यांतील ९५.७ टक्के एनोसिसच्या बाजूच्या होत्या. गुप्त मतदान नसल्याने या आकड्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. तथापि बहुसंख्य ग्रीकांचा कौल काय होता, याविषयी शंका नाही. मात्र या मोजणीत तुर्की समाज मुळातच बाहेर राहिला होता. ऑक्टोबर १९५० मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी तो आर्चबिशप झाला. २२ ऑगस्ट १९५४ रोजी निकोसियातील फानेरोमेनी चर्चमध्ये त्याने जनसमुदायासमोर एनोसिसची शपथ घेतली. १ एप्रिल १९५५ पासून ग्रीक सैन्याधिकारी जॉर्ज ग्रीव्हास याच्या नेतृत्वाखाली ‘ईओका’ या गुप्त संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला. सायप्रसी लढवय्यांची राष्ट्रीय संघटना असे तिचे पूर्ण नाव असून त्यात ‘एथ्नोस’ पुन्हा आला आहे. तिच्या सभासदांची शपथ पवित्र त्रैक्याच्या नावाने घेतली जाई. ग्रीव्हासने ‘दिगेनिस’ हे टोपणनाव घेतले होते. गंमत अशी की, बायझंटिन महाकाव्याचा हा नायक अरब पिता व ग्रीक माता यांचा पुत्र होता आणि त्याच्या नावाचाच अर्थ ‘दोन कुळांचा’ असा आहे.

गव्हर्नर जॉन हार्डिंग याच्याशी चाललेल्या वाटाघाटी फिसकटल्यावर ब्रिटिशांनी ९ मार्च १९५६ रोजी मकारिऑसला अटक करून सेशेल्स बेटांवर हद्दपार केले. लढा थांबला नाही. उलट ग्रीव्हासवर कोणाचाच अंकुश उरला नाही. तरुणांना फाशी दिले गेल्याने नवे ‘एथ्नोमार्तिस’ निर्माण झाले. एप्रिल १९५७ मध्ये मकारिऑस सेशेल्सहून निघाला. पण सायप्रसला परतण्यास मनाई असल्याने अथेन्समध्ये राहिला. दरम्यान तुर्की समाजाचीही सशस्त्र संघटना उभी राहिली होती व ‘ताक्सिम’ म्हणजे फाळणी ही तिची घोषणा होती. अरबीतून तुर्कीत आलेला हा शब्द मराठी वाचकास दूरचा वाटणार नाही. जमिनीच्या वाटणीसंबंधीचा ‘तक्सीम’ हा शब्द त्याच धातूचा आहे. एका बाजूला ऐक्य आणि दुसऱ्या बाजूला वाटणी, अशा दोन शब्दांत बेट अडकले. फाळणीचा धोका ओळखून मकारिऑसने सप्टेंबर १९५८ मध्ये ब्रिटिश मजूर पक्षाच्या बार्बरा कॅसल यांच्याजवळ एनोसिसऐवजी स्वातंत्र्य स्वीकारण्याची तयारी दाखविली. हा त्याच्या जीवनातील सर्वांत धैर्याचा निर्णय म्हणावा लागेल. कारण चर्चमध्ये घेतलेली शपथ तो त्यामुळे मोडीत होता, आणि त्याच्या अनुयायांपैकी काहींनी त्याला याबद्दल कधीही क्षमा केली नाही.

झुरिक व लंडन येथील फेब्रुवारी १९५९ च्या करारांनी एनोसिस आणि फाळणी दोन्ही निषिद्ध ठरविली. डिसेंबर १९५९ मध्ये मकारिऑस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला व १६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झाले. संविधानानुसार राष्ट्राध्यक्ष ग्रीक व उपराष्ट्राध्यक्ष तुर्की असून दोघांनाही महत्त्वाच्या बाबतींत नकाराधिकार होता. प्रतिनिधिगृह व नागरी सेवा यांत ७०:३० आणि सैन्यात ६०:४० असे प्रमाण ठरले. ब्रिटन, ग्रीस व तुर्कस्तान हे हमीदार देश झाले आणि दोन लष्करी तळ ब्रिटनच्या सार्वभौमत्वाखाली राहिले. दोन्ही समाजांना एकमेकांस अडविण्याचे अधिकार देणारे, पण एकत्र आणण्याची कोणतीही यंत्रणा नसलेले असे हे संविधान होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये मकारिऑसने त्यात तेरा दुरुस्त्या सुचविल्या. प्रशासकीय दृष्ट्या त्यांतील काही रास्त होत्या. परंतु उपराष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार रद्द करण्याची सूचना तुर्की समाजास आपले संरक्षण काढून घेतल्यासारखी वाटली. डिसेंबरमध्ये दंगली उसळल्या, सु. २५,००० तुर्की सायप्रसी घरदार सोडून वेगळ्या वस्त्यांत गेले आणि मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना बेटावर दाखल झाली. मकारिऑस प्रजासत्ताकाचा अध्यक्ष होता. परंतु रविवारी तो ज्या वेदीपुढे उभा राहत असे, तेथे त्याच्या एकपंचमांश नागरिकांना जागा नव्हती. एथ्नार्क हा एका ‘एथ्नोस’चाच असतो. दोन समाजांच्या राज्याचा प्रमुख व एका समाजाचा धर्मप्रमुख या भूमिकांतील विसंगती त्याच्या कुशाग्र बुद्धीला दिसली नसेल, असे म्हणता येत नाही. परंतु ती दूर करण्यासाठी त्याने एकही पद सोडले नाही.

परराष्ट्रधोरणात तो अलिप्ततावादी होता. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेत त्याने भाग घेतला. भारताशी त्याचे संबंध निकटचे होते. संयुक्त राष्ट्रांत व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सायप्रसचा प्रश्न हा तिथल्या लोकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, अशी भूमिका मांडली होती. शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी हे भारतीय होते; त्यांच्यानंतर आलेले जनरल के. एस. थिमय्या यांचे डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच निधन झाले आणि सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. १९७४ च्या युद्धकाळातही हे पद प्रेमचंद या भारतीय सेनानीकडे होते. नवी दिल्लीतील एका रस्त्याला मकारिऑसचे, तर निकोसियातील एका रस्त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव आहे.

१९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी राजवट आली व एनोसिसवादी मकारिऑसचे शत्रू बनले. ८ मार्च १९७० रोजी त्याच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. वैमानिक जखमी झाला, पण मकारिऑस बचावला. १९७१ मध्ये ग्रीव्हास गुप्तपणे परतला आणि त्याने ‘ईओका-बी’ ही संघटना उभारली. याच सुमारास पॅफॉस, किटिऑन व किरीनिया या तीन पीठांच्या बिशपांनी असा आक्षेप घेतला की, चर्चच्या नियमांनुसार (कानोन म्हणजे मोजण्याची काठी) बिशपाने लौकिक पद धारण करणे निषिद्ध आहे. म्हणून मकारिऑसने राष्ट्राध्यक्षपद सोडावे. त्याने नकार देताच १९७३ मध्ये त्यांनी त्याला धर्मपदावरून दूर करून सामान्य जनांत (लाओस – जनता) उतरविल्याचे जाहीर केले. तत्त्वतः आक्षेप अगदीच निराधार नव्हता; पण तेरा वर्षे तो न सुचता एनोसिसच्या राजकारणात सुचावा, यातच त्याचा हेतू उघड होतो. मकारिऑसने इतर पूर्वीय कुलगुरू व बिशप यांना पाचारण करून जुलै १९७३ मध्ये मोठी सिनड (सिन् – सह, होदोस – मार्ग) भरविली. तिने उलट त्या तिघांनाच पदच्युत केले.

२ जुलै १९७४ रोजी मकारिऑसने ग्रीसच्या अध्यक्षाला पत्र लिहून सायप्रसच्या राष्ट्रीय दलातील ग्रीक अधिकारी परत बोलावण्याची मागणी केली. १५ जुलै रोजी त्या दलानेच त्याचा प्रासाद उद्ध्वस्त केला आणि तो मारला गेल्याचे नभोवाणीवरून घोषित केले. तो निसटून पॅफॉसला पोहोचला व तेथील केंद्रावरून आपण जिवंत असल्याचे त्याने सांगितले. ब्रिटिशांनी त्याला बेटाबाहेर नेले. निकोस सँपसन या जहाल एनोसिसवाद्याला बंडखोरांनी अध्यक्ष केले. तेवढे निमित्त तुर्कस्तानला पुरेसे होते. २० जुलै रोजी तुर्की फौजा उतरल्या आणि ऑगस्टमधील दुसऱ्या मोहिमेनंतर बेटाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग त्यांच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसी दक्षिणेकडे निर्वासित झाले; दक्षिणेतील तुर्कीही उत्तरेस गेले. ऐक्याचा ध्यास घेतलेल्यांच्या हातूनच वाटणी पुरी झाली.

मकारिऑस ७ डिसेंबर १९७४ रोजी परतला. १२ फेब्रुवारी १९७७ रोजी तुर्की नेता रऊफ देंक्ताश याच्याबरोबर त्याने चार मार्गदर्शक सूत्रे मान्य केली. स्वतंत्र, अलिप्त व द्विसमाजी संघराज्य हे त्यांतील मुख्य सूत्र. पुढील बहुतेक सर्व वाटाघाटी याच सूत्रावर आधारलेल्या आहेत. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी हृदयविकाराने निकोसियात त्याचे निधन झाले. त्याला किक्कोसजवळील थ्रोनी या टेकडीवर दफन करण्यात आले. स्पिरोस किप्रिआनू राष्ट्राध्यक्ष झाला आणि आर्चबिशपपदी ख्रिसोस्तोमोस पहिला याची निवड झाली. ही दोन पदे त्यानंतर एका व्यक्तीकडे पुन्हा आलेली नाहीत.